समोरच्याकडे बघ

पत्र :

ताई,

मी पाच वर्षं मॉडेलिंग केलं. रॅम्प, कॅटलॉग, थोड्या जाहिराती. आठ महिन्यांपूर्वी एका दैनंदिन मालिकेत मुख्य भूमिका मिळाली. अभिनय कुठे शिकले नव्हते. लुक टेस्ट झाली, चॅनेलला चेहरा आवडला आणि चौथ्या दिवशी मी सेटवर उभी होते. आता लोक रस्त्यात थांबवतात, मालिकेतल्या नावाने हाक मारतात. माझं खरं नाव कुणी विचारतही नाही. घरचे खूश आहेत.

पण परवा माझ्या सासूचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री सगळ्या युनिटसमोर म्हणाल्या, “ही समोर असली की मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.” त्या रात्री मी माझेच जुने भाग लावून बघितले. त्यांचं खरं आहे, ताई. मी छान दिसते, पण त्यापलीकडे काही करतच नाही. मॅनेजर म्हणतो, वर्ष झालं की सोड, नाव आहे तोवर मोठ्या जाहिराती घेऊ, सिनेमा बघू. फॅशनवाल्यांचे फोन तर बंदच झालेत. हे यश माझं आहे का, की चुकून माझ्या दारात आलंय? थांबू की निघू?

— उधारीची नायिका

उत्तर :

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर थांबले. एवढं लागेल असं कुणी बोललं, आणि तू घरी जाऊन स्वतःचे जुने भाग लावून बसलीस. बहुतेक जण अशा रात्री चार मैत्रिणींना फोन करून त्या बाईंची उणीदुणी काढतात. तू तपासून बघितलंस आणि ‘त्यांचं खरं आहे’ असं लिहिलंस. म्हणून मी तुला थांब म्हणणार आहे. पण थांबून करायचं काय, ते जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते सांगायला मला जरा वेळ लागेल.

आधी त्या बाईंचं. त्या बोलल्या ते बरोबर होतं, बोलल्या ती जागा चुकली. नवीन मुलीला असं काही सांगायचं तर मेकअप रूमचं दार लावून सांगावं. मी चौदा वर्षं मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक म्हणून काढली आहेत आणि असे चारचौघांतले टोमणे किती आत जातात ते मला माहीत आहे. तरीही त्यांचं वाक्य नीट वाच. ‘हिला अभिनय येत नाही’ असं त्या म्हणाल्या नाहीत. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, असं म्हणाल्या. म्हणजे त्या तुझ्याकडे काहीतरी पाठवतात आणि तिकडून काही परत येत नाही. ही तक्रार तुझ्या संवादांबद्दल नाही, ऐकण्याबद्दल आहे. आणि ऐकणं शिकता येतं.

तुझ्या जुन्या कामात हे कुणी शिकवलं नाही, कारण तिथे त्याची गरजच नव्हती. मॉडेलच्या समोर माणूस नसतो, लेन्स असते, आणि लेन्सला उत्तर द्यायचं नसतं. कॅटलॉगच्या फोटोत चेहऱ्यावर फार काही घडलं तर कपडा मागे पडतो, म्हणून चेहरा शांत, जवळजवळ रिकामा ठेवायचा असतो. पाच वर्षं तू ते रोज, पैसे घेऊन, उत्तम केलंस. तुझ्या अंगात ते इतकं मुरलंय की कॅमेरा चालू झाला की आपोआप होतं. मी अशी दृश्यं मॉनिटरवर शेकड्यांनी बघितली आहेत. मुलगी जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या मार्कवर येते, न बघता अगदी बरोबर थांबते, हनुवटी जराशी खाली, मान किंचित वळलेली, प्रकाश गालाच्या हाडावर हवा तिथे. लाइटचे दादा खूश. समोरची बाई सांगते, “तुझे बाबा गेले.” आणि हनुवटी तिथेच असते. डोळ्यांत पाणी येतं, ग्लिसरिनने का होईना येतं, पण मान हलत नाही, कारण मान हलली तर प्रकाश जाईल हे तिच्या शरीराला माहीत असतं.

पाच वर्षं लोकांनी तुला बघितलं. आता तुला समोरच्याकडे बघायचं आहे. यातली जवळजवळ सगळी दुरुस्ती एवढीच आहे, पण ती सोपी आहे असं मी म्हणणार नाही.

मालिकेत हे इतकं का उघडं पडतं, तेही समजून घे. सिनेमात एखादी नवखी अभिनेत्री दोन तास निभावून नेऊ शकते. पार्श्वसंगीत असतं, प्रसंग पळत असतात, दिवसाला मोजकीच मिनिटं चित्रित होतात. रोजच्या मालिकेत एका दिवसात अख्खा भाग, कधी त्याहून जास्त काम काढायचं असतं. पानं सकाळी हातात येतात, कधी दोन सीन झाल्यावर येतात. त्यामुळे मालिका चालते चेहऱ्यांवर. एकाने वाक्य टाकायचं आणि कॅमेऱ्याने उरलेल्यांच्या चेहऱ्यांवर फिरायचं. ज्याला आपण सेटवर ‘रिअॅक्शन घे’ म्हणतो, तेच या प्रकाराचं मुख्य काम आहे. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर जास्त वेळ जातो. आता तूच विचार कर, नायिका ऐकत नसेल तर प्रेक्षकांनी आठवड्याचे सहा दिवस बघायचं काय?

तरी ते बघतात. तुझा प्रश्न तोच आहे ना, की मग हे यश कुणाचं?

याचं एक उत्तर या प्रकाराच्या जन्मातच आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दिवसा पंधरा-पंधरा मिनिटांच्या रोजच्या कथा सुरू झाल्या. त्यांचा खर्च प्रामुख्याने साबण बनवणाऱ्या कंपन्या उचलायच्या, कारण ऐकणाऱ्या बहुतेक बायका घरी कामात असायच्या. म्हणून नावच पडलं सोप ऑपेरा. त्यातली ‘गायडिंग लाइट’ 1937 मध्ये रेडिओवर सुरू झाली, 1952 मध्ये टीव्हीवर आली आणि 2009 पर्यंत चालली. बहात्तर वर्षं! एवढ्या वर्षांत कितीतरी नट आले आणि गेले. लोक येत राहिले ते ओळखीच्या घरात डोकावायला. रोज ठरल्या वेळी आपल्या खोलीत येणारं माणूस नातेवाइकासारखं होतं. त्याला आपण तिकीट काढून बघायला गेलेलो नसतो, तेच आपल्याकडे आलेलं असतं. म्हणून रस्त्यात भेटलेली बाई तुझी सही मागत नाही, सरळ हात धरते आणि म्हणते, “त्या नवऱ्यावर इतका विश्वास टाकू नकोस गं.”

तेव्हा ही प्रसिद्धी खोटी नाही, पण ती एकट्या तुझीही नाही. तिच्यात लेखकाचा, तुझ्या त्या सासूबाईंचा, वेळेच्या स्लॉटचा आणि त्या भूमिकेच्या नावाचा वाटा आहे. तुझं खरं नाव कुणी विचारत नाही याचं तुला वाईट वाटतं, ते मी समजू शकते. मला मात्र त्यात आशा दिसते. त्यांनी मॉडेलला ओळखलं नाही, त्या घरातल्या सुनेला ओळखलं. म्हणजे तुझ्याकडून काहीतरी पोहोचलंय. तू ‘काही करतच नाही’ हे पूर्ण खरं नसावं. एक कर, ते जुने भाग पुन्हा लाव, पण या वेळी आवाज बंद करून. त्यात एखादा क्षण सापडेल जिथे तू दमलेली आहेस किंवा समोरच्याचं वाक्य अनपेक्षित आलंय आणि तुझा चेहरा आपला आपण हलला आहे. ती जागा शोध. कुठून सुरुवात करायची ते तीच तुला दाखवेल.

मॉडेलिंगमधून येऊन हे साधलेली माणसं जगभर आहेत. तुला दोघा-तिघांबद्दल सांगते, कारण त्यांच्या वाटा निरनिराळ्या आहेत.

तुर्कस्तानचा किवांच तातलितुग 2002 मध्ये ‘बेस्ट मॉडेल ऑफ द वर्ल्ड’ ठरला. 2005 मध्ये ‘ग्युमुश’ या मालिकेत नायक झाला. ती मालिका 2008 मध्ये अरबी भाषेत ‘नूर’ नावाने आली आणि अरब देशांत वेड लागल्यासारखी बघितली गेली. तिथे त्याच्या पात्राचं नाव बदललेलं होतं आणि आवाज दुसऱ्याच नटाचा होता. लोकांनी जीव टाकला तो एका चेहऱ्यावर आणि परक्या आवाजावर! याहून जास्त उधारीचं यश काय असणार? तो त्यावर थांबला नाही, पुढे एकाहून एक अवघड भूमिका करत गेला आणि आज त्याला त्याच्या देशात नट म्हणून ओळखतात.

ब्राझीलच्या ग्राझी मासाफेराची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. सौंदर्यस्पर्धेतून पुढे आली, 2005 मध्ये तिथल्या ‘बिग ब्रदर’ या रिअॅलिटी शोमध्ये दुसरी आली आणि पुढच्या वर्षी मालिकेत काम मिळालं. दिसायला सुंदर, घराघरात माहीत, अभिनयाचं शिक्षण नाही. तुझ्यासारखीच. ती काम करत राहिली. 2015 मध्ये ‘वेर्दादेस सेक्रेतास’ या मालिकेत तिला भूमिका मिळाली ती उतरणीला लागलेल्या एका मॉडेलची, जी नशेच्या आहारी जाते आणि रस्त्यावर येते. ज्या चेहऱ्यामुळे तिला लोक ओळखत होते, तोच चेहरा तिने त्या भूमिकेसाठी मोडू दिला. सुजलेले डोळे, फाटलेले ओठ, विस्कटलेले केस. कुठून छान दिसेन याचा विचार त्या कामात कुठेही नाही. त्या भूमिकेसाठी 2016 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्काराचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. पहिली मालिका ते ही भूमिका, मध्ये नऊ वर्षं गेली. मी हा आकडा मुद्दाम सांगतेय, कारण तू आठ महिन्यांत स्वतःचा निकाल लावायला बसली आहेस.

आणि स्मृती इराणी तर आपल्याला माहीतच आहेत. 1998 च्या मिस इंडिया स्पर्धेत उतरल्या, मुकुट मिळाला नाही, आणि 2000 मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधली तुलसी झाल्या. मालिका 2008 पर्यंत, अठराशेहून जास्त भाग चालली. पण मधल्या काळात तेच काम काही महिने गौतमी कपूर यांनी केलं, याची तुझ्या मॅनेजरला आठवण करून दे. तुलसीचीसुद्धा जागा भरता येते. मग स्मृती इराणी परत आल्या आणि 2025 मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हाही तुलसी त्याच होत्या.

मॅनेजरचा विषय निघालाच आहे, तर बोलूया. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचा वाटा तुझ्या नव्या करारांतून येतो, आणि तू एका जागी राहून चांगली अभिनेत्री झालीस तर या वर्षी त्याच्या हाती वेगळं काही लागत नाही. त्याचा सल्ला ऐकताना एवढं मनात ठेव. चालू मालिका मध्येच सोडणाऱ्या नायिकेचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. एका मोठ्या निर्मितीसंस्थेत मी काम करत होते तेव्हा आमची नायिका अशीच सिनेमासाठी गेली. दुसरी मुलगी आली, पहिल्या आठवड्यात लोक चिडले, तिसऱ्या आठवड्यात नव्या मुलीला त्याच नावाने हाक मारू लागले. गेलेल्या मुलीचा सिनेमा लांबणीवर पडला आणि ती घरी बसली. त्या काळात ती मला फोन करायची, रात्री उशिरा. काय बोलावं मला सुचायचं नाही.

करार मात्र वाच. स्वतः वाच, आणि करार समजणाऱ्या माणसाकडून वाचून घे. मालिका चालू असताना बाहेरचं काम घ्यायला परवानगी लागते का, सोडायचं असेल तर किती आधी सांगायचं, केलेल्या कामाचे पैसे किती दिवसांनी हातात येणार, दिवसाचे तास किती. बहुतेक मुली सही करतात त्या दिवशी फोटो काढतात आणि कागद आईकडे देतात. आणि खर्च वाढवू नकोस. टीआरपी पडला की महिन्याभराच्या सूचनेवर सेट मोडतात. ज्या दिवाणखान्यात वर्षभर रडलो-हसलो तो दुपारपर्यंत फळ्यांचा ढीग होतो.

फॅशनच्या फोनांबद्दल मी खोटा धीर देणार नाही. तू रोज लोकांच्या घरात दिसतेस, आणि त्या जगाला अनोळखी, कोरा चेहरा हवा असतो. ते काम बहुधा आधीसारखं परत येणार नाही. ओळखीच्या चेहऱ्याच्या जाहिराती येतील, त्या वेगळ्या. पाच वर्षांचं एक काम संपलंय, त्याचं दुःख होणं साहजिक आहे. मालिकेत चांगलं चाललंय म्हणून ते दुःख लपवायची गरज नाही. आणि त्या पाच वर्षांनी दिलेलं टाकून देऊ नकोस. प्रकाश कुठे आहे हे तुला डोळे मिटून कळतं. जड कपड्यांत सहा तास न कुरकुरता उभी राहू शकतेस. शंभर माणसांसमोर लाजत नाहीस. नाटकातून आलेल्या कितीतरी गुणी मुली पहिलं वर्षभर कॅमेऱ्यालाच बिचकत असतात. तू त्या पायरीच्या पुढे उभी आहेस.

आता करायचं काय. मी एकच गोष्ट सांगणार आहे, कारण दहा सांगितल्या तर तू एकही करणार नाहीस.

तुझा क्लोजअप झाला की कॅमेरा फिरतो आणि समोरच्याचा क्लोजअप लागतो. त्या वेळी तू कुठे असतेस? माझा अंदाज आहे, व्हॅनिटीत. आणि तुझे संवाद, तुझे क्यू, म्हणजे ज्यांवर समोरच्याने बोलायचं ती वाक्यं, कुणीतरी सहायक हातातल्या पानावरून वाचत असतो. ते काम मी चौदा वर्षं केलंय. सपाट आवाजात, एक डोळा घड्याळावर ठेवून मी नायिकांची वाक्यं वाचली आहेत, आणि समोर बापाच्या किंवा सासूच्या भूमिकेतला माणूस माझ्याकडे बघून रडला आहे. ‘तू माझी मुलगी आहेस’ हे त्याने माझ्या हातातल्या पॅडला सांगितलंय. खरी भिंत तिथे असते. त्या बाई तुला भिंत म्हणाल्या, त्यात अशा किती क्लोजअपचा हिशेब असेल कोण जाणे.

मी एका मुलीला यातून बाहेर पडताना बघितलं. तीही रॅम्पवरून आलेली. एका दिवशी तिच्या वडिलांचं काम करणाऱ्या काकांचा क्लोजअप होता. ती निघाली होती, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत आली आणि कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला, लेन्सला कान लागेल इतक्या जवळ, खोक्यावर बसली. तिच्यावर लाइट नव्हता. केस क्लिपने वर बांधलेले, पायात रबरी चपला. ती दिसणारच नव्हती, त्यामुळे कशी दिसते याचा प्रश्नच नव्हता. तिने तिची वाक्यं म्हटली, आणि काकांचा आवाज मध्येच फुटला तेव्हा तिचाही फुटला. हनुवटी थरथरली, नाक लाल झालं, तोंड वेडंवाकडं झालं. दिग्दर्शकाने कट म्हटल्यावर ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. काकांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हापासून ती प्रत्येकाच्या क्लोजअपला बसायला लागली. दोन महिन्यांनी तिच्या स्वतःच्या क्लोजअपमध्ये मान हलायला लागली, आणि लाइटचे दादा कुरकुरायला लागले.

तू हे कर. ज्या सीनमध्ये तू आहेस त्या सीनमध्ये समोरच्याचा क्लोजअप लागला की जागा सोडू नकोस. सुरुवात त्या सासूबाईंपासूनच कर, तेच सगळ्यात अवघड जाईल म्हणून. माफी मागायला जाऊ नकोस, त्यांच्या बोलण्याचा विषय काढू नकोस. सहायकाला एवढंच सांग की क्यू मी देते. मग कॅमेऱ्याच्या बाजूला बस आणि त्यांच्याकडे बघ. वाक्य विसरलीस तर पान बघून म्हण, तिथे कुणी तुला नावं ठेवणार नाही. त्या संवाद बोलताना श्वास कुठे घेतात, कोणत्या शब्दाआधी क्षणभर थांबतात, कुठल्या वाक्याला नजर खाली नेतात, ते नुसतं बघत राहा.

त्या पहिल्या दिवशी काही बोलणार नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कदाचित त्यांना वाटेल, मनाला लागलंय म्हणून दाखवायला बसलीय. वाटू दे. आणि मग एखाद्या दिवशी तुझा क्लोजअप लागेल आणि त्यांचं काम संपलेलं असूनही त्या पर्स खाली ठेवून तुझ्या कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन बसतील. तसं झालं तर मला लिही. नाही झालं तरी लिही.

तुझी,
ताई